शिकवलेल्या पेशी

जुई भंगाळे मैदानात उतरली की बघणाऱ्यांच्या गप्पा थांबायच्या. नऊ वर्षांची काटकुळी पोर, पण खो-खोच्या साखळीतून अशी सळसळत जायची की पाठलाग करणारीचा हात तिच्या पाठीपाशी येऊन हवेतच राहायचा. त्या दिवशी फैजपूरच्या शाळेत तालुक्याचा अंतिम सामना होता. जुईने खांबाजवळ उजवीकडे झुकल्यासारखं केलं आणि डावीकडून निसटली. मागची मुलगी तोंडावर आपटली. मैदान टाळ्यांनी दणाणलं.

"मॅडम, लेक अगदी तुमच्यावर गेलीय हं!" यावलच्या शाळेचे क्रीडाशिक्षक केतकीला म्हणाले. केतकी भंगाळे फैजपूरच्या या शाळेत खेळ शिकवायची. एकेकाळी ती राज्याच्या संघातून खेळली होती आणि तिची झुकांडी अजून लोकांच्या लक्षात होती.

"पुतणी आहे माझी," केतकी म्हणाली. "मुलगी ती तिकडे बसलीय."

पायऱ्यांवर, कडुनिंबाच्या सावलीत शर्वरी बसली होती. बारा वर्षांची. शेजारी चार पायांची काठी. ती जीव तोडून ओरडत होती, "जुई, आतून वळ! आऽतून!" शब्द जड जिभेने, ओढत यायचे. शिक्षक "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि घाईघाईने दुसरीकडे बघायला लागले.

केतकीने शिट्टी तोंडात धरली आणि दातांनी इतकी आवळली की हिरडी दुखली. जुई जिंकली की तिला असंच व्हायचं. संघ तिचा, शिकवण तिची, पोर घरचीच. तरी पोटात निखारा ठेवल्यासारखं व्हायचं.

शर्वरीही अशीच पळायची. आठव्या वर्षी ती पडायला लागली. आधी मैदानात, मग जिन्यात, मग सपाट फरशीवर. अक्षर वेडंवाकडं झालं. पाण्याचा पेला तोंडाशी नेईपर्यंत अर्धा सांडायचा. डोकं दुखायचं. पोटाची मात्र एकही तक्रार नव्हती. चष्म्याचा नंबर तपासून झाला, कॅल्शियमच्या गोळ्या झाल्या, एका डॉक्टरांनी तर 'लक्ष वेधून घेण्यासाठी करते' असंही सांगितलं. केतकीला वाटलं, पोरगी आळसावलीय. तिने तिला मैदानाला जादा फेऱ्या मारायला लावल्या, आणि अंगात ताकद यावी म्हणून रोज सकाळी गव्हाच्या सत्त्वाची खीर समोर बसून भरवली. अशी दोन वर्षं गेली.

मग एका सकाळी शाळेच्या प्रार्थनेत शर्वरीला झटका आला, आणि केतकी व तिचा नवरा अमोघ तिला घेऊन नाशिकला गेले. मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टर रेहाना तडवी यांनी तिला सरळ रेषेवरून चालायला सांगितलं, नाकाला बोट लावायला सांगितलं, आणि मग तिच्या जिभेखाली लाळ तपासायची पट्टी ठेवली. पट्टीवर जांभळी रेघ उमटली.

"सिलिॲक आहे," त्या म्हणाल्या. "गव्हात आणि जवात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. काही मुलांचं शरीर त्याला शत्रू समजतं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं. बहुतेक मुलांमध्ये नुकसान आतड्यात होतं. पोट बिघडतं, आजार कळतो. पण थोड्या मुलांमध्ये आतडं शांत राहतं आणि हल्ला मेंदूवर होतो. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. तोल सांभाळणं, वळणं, हात नेमका हवा तिथे नेणं, हे त्याचं काम. मेंदूतलं एक प्रथिन त्या प्रतिद्रव्यांना शत्रूच्याच गोटातलं वाटतं."

"गहू बंद केला की सगळं परत येईल ना?" अमोघने विचारलं.

"पुढचं नुकसान थांबावं, ही आशा. मेलेल्या पेशी परत येत नाहीत."

केतकीला खिरीची वाटी दिसत राहिली.

आजार घराण्यातून येतो म्हणून घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. वरच्या मजल्यावर अमोघचा धाकटा भाऊ सुजय, त्याची बायको मिताली आणि त्यांची जुई राहायची. दोघा भावांची केळीची रोपं तयार करायची प्रयोगशाळा होती, आणि दोन्ही जावांचं बरं चाललं होतं. जुई तेव्हा सात वर्षांची. पोट ठणठणीत, चाल ठणठणीत. पण तिच्या पट्टीवर फिकट जांभळी रेघ आली.

आणि त्याच वर्षी 'ओळखलस' नावाची नवी लस आली.

तिच्यामागची कल्पना साधी होती. आपल्या शरीरात रोज लाखो पेशी मरतात, आणि प्लीहा व यकृत त्यांचा कचरा मुकाट्याने उचलतात. त्या कचऱ्यावर कुणी हल्ला करत नाही, कारण तो आपलाच असतो. शास्त्रज्ञांनी ग्लुटेनचे बारीक तुकडे अशा कणांत गुंडाळले, जे शरीराला आपल्याच मेलेल्या पेशींसारखे वाटतील. कण प्लीहेत गेले की तिथल्या रक्षक पेशींना नवी शिकवण मिळायची: हा शत्रू नाही, घरातलाच आहे. अशा शिकलेल्या पेशी मग बाकीच्यांना आवरून धरायच्या. जुईला लस मिळाली आणि वर्षाच्या आत ती पोळी खायला लागली.

शर्वरीला तिचा उपयोग नव्हता. तिच्या शरीराने गव्हाबरोबर मेंदूशीही वैर धरलं होतं. लस गव्हाशी समेट घडवायची, मेंदूशी नाही.

"वहिनी, शर्वरीमुळे माझी जुई वाचली," सुजय एकदा भरल्या डोळ्यांनी म्हणाला. त्याला आभारच मानायचे होते. पण ते वाक्य केतकीच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. माझी पडली, म्हणून तुझी पळते.

फैजपूरच्या त्या सामन्यानंतरच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मितालीने खापरावर गव्हाचे मांडे केले. अंगणात झोका बांधला होता. शेजारपाजारच्या मुली जमल्या होत्या. जुई उभ्याने झोका घेत होती. पाय वाकवून, जोर लावून, पार फांदीपर्यंत. मग शर्वरीला बसवलं. दुसऱ्याच हेलकाव्याला तिचा हात दोरावरून सुटला आणि ती मातीत पडली. एक मुलगी फिस्सकन हसली. जुईने तिला ढकललं आणि पळत जाऊन शर्वरीला उठवलं, तिचा फ्रॉक झटकला. मग आपल्या हातातला मांड्याचा तुकडा तिच्या नाकापाशी नेत म्हणाली, "शरूताई, खाऊ नको. नुसता वास घे. आईने काय भारी केलाय!"

शर्वरीने डोळे मिटून वास घेतला आणि खळखळून हसली. तिला त्यात काहीच वाईट वाटलं नव्हतं.

केतकीला ते बघवलं नाही. ती तरातरा पुढे झाली. "फार माज करू नकोस, जुई. तुझ्याही रक्तात तेच आहे. आज ना उद्या तूही अशीच पडशील."

झोका नुसताच हलत राहिला. दारात मिताली उभी होती, हातात तुपाची वाटी. तिने वाटी ओट्यावर ठेवली, जुईचा हात धरला आणि जिना चढून गेली.

त्यानंतर जुई सरावाला येईना. पुढे अमोघकडून केतकीला कळलं, की ती घरात भिंतीला हात लावून चालते. पडू नये म्हणून. ऐकून केतकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या लाजेच्या तळाशी आणखी काहीतरी होतं, बारीकसं, उबदार. आता दुसऱ्या कुणाची लेकही भिंत धरून चालत होती. ते जाणवलं आणि केतकीला स्वतःचीच भीती वाटली.

गहू कटाक्षाने बंद असूनही शर्वरीची प्रतिद्रव्यं उतरेनात. पावसाळा संपता संपता तिला काठीही पुरेना. डॉ. तडवींनी आई-वडिलांना बोलावून घेतलं.

"एक नवा उपचार सुरू झालाय," त्या म्हणाल्या. "शिकलेल्या पेशी दुसऱ्या मुलाकडून घ्यायच्या. जिला लस लागू पडलीय आणि जिचं रक्त जुळतं अशी जवळची नातेवाईक हवी. त्या पेशींना मेंदूच्या प्रथिनाची ओळख आम्ही प्रयोगशाळेत करून देतो आणि मग शर्वरीला देतो. विरजणासारखं समजा. थोड्या घातल्या की तिच्या स्वतःच्या पेशीही तसं वागायला शिकतात. तुमच्या पुतणीचं रक्त जुळतंय."

"आणि तिला काही धोका?" केतकीने विचारलं.

"रक्त काढण्याचा फारसा नाही. पण तिच्याकडच्या शिकलेल्या पेशी काही काळ विरळ होतील. तिला गहू सोडावा लागेल आणि वरचेवर तपासणी करावी लागेल. धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही."

केतकी एकटीच वर गेली. मिताली भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मेथीची जुडी बाजूला सारली.

"माझी मुलगी म्हणजे विरजण नाही, ताई. वाटीभर काढून द्यायला."

"तुला वाटतं तेवढं—"

"मला काय वाटतं ते तुम्हाला माहीत नाही. तीन वर्षं मी तिची पदकं कपाटात लपवून ठेवतेय. ती जिंकून आली की आधी तुमचं दार बंद आहे का बघते. आणि तुम्ही तिला काय म्हणालात? आता त्याच तोंडाने मागायला आलात?"

केतकी वळली. ती खाली आली.

दोन्ही भावांत बोलणी झाली, आवाज चढले, सुजय जेवणाच्या ताटावरून उठला. मिताली बधली नाही.

आणि एका दुपारी जुई शाळेत, खेळाच्या साहित्याच्या खोलीत येऊन उभी राहिली. एक हात चौकटीवर.

"मोठी आई, मी पेशी नाही दिल्या तर शरूताईला चाकाच्या खुर्चीत बसावं लागेल?"

केतकीच्या हातातला दोरखंड तसाच राहिला. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. खोटंही ठरलं नसतं. पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं असतं आणि मितालीला विरघळायला वेळ लागला नसता. शब्द अगदी ओठांवर आला.

"ते मोठ्यांनी ठरवायचं," ती म्हणाली. "तुझी आई ठरवेल तेच बरोबर. तू नाही दिल्यास तरी शरूताई तुझ्यावर रागावणार नाही. मीही नाही." मग ती खाली बसली, जुईच्या उंचीला आली. "आणि आखाजीला मी बोलले ना, ते रागाच्या भरात बोलले. भिंत धरून चालू नकोस."

"राग कशाचा आला होता?"

"तू पळतेस त्याचा."

जुईने जरा विचार केला. "मग मी हळू पळू?"

केतकीने तिला जवळ ओढलं. तिने नुसती जोरजोरात नकाराची मान हलवली.

दोन दिवसांनी मिताली स्वतः खाली आली. बसली नाही.

"जुईने सांगितलं, तुम्ही काय बोललात ते. मी हो म्हणते. शर्वरीसाठी. पण त्यानंतर आम्ही जळगावला राहायला जाणार. सुजय तिकडून काम बघेल. तुमच्यावर राग धरून नाही, ताई. पण तुमच्या डोळ्यांसमोर तिला वाढवायला मला नाही जमणार."

"बरं," केतकी म्हणाली. याहून जास्त मागायचा तिला हक्क नव्हता.

नाशिकला दोघी बहिणी शेजारशेजारच्या खाटांवर होत्या. जुईच्या एका हातातून रक्त यंत्रात जायचं, यंत्र हव्या तेवढ्या पेशी वेगळ्या करायचं आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत यायचं. दोन्ही हात अडकलेले, म्हणून शर्वरी तिला डाळिंबाचे दाणे भरवत होती. शर्वरीचा हात थरथरायचा, दाणे गादीवर सांडायचे, आणि दोघी हसत सुटायच्या. मिताली आणि केतकी दोन खाटांच्या दोन बाजूंना बसल्या होत्या.

उन्हाळ्यापर्यंत शर्वरीची घसरण थांबली. प्रतिद्रव्यं उतरली. काठी सुटली नाही, ती सुटणारही नव्हती. पण पेला आता तोंडापर्यंत न सांडता जायचा आणि वहीत ओळी ओळींसारख्या दिसायला लागल्या. वरचा मजला रिकामा झाला होता. केतकीला वाटलं होतं, जुई डोळ्यांआड गेली की पोटातली आग विझेल. तसं झालं नाही. ती स्थानिक बातम्यांत जळगावच्या शालेय खो-खोचे निकाल शोधायची, जुईचं नाव दिसलं की जळफळायची, आणि नाही दिसलं तर बेचैन व्हायची.

दिवाळीच्या आधी जिल्हा स्पर्धा जळगावला होती. केतकीचा संघ पहिल्याच फेरीत हरला. पुढच्या सामन्यात जुई होती, तिच्या नव्या शाळेच्या पोशाखात. तिची प्रशिक्षक, एक तरतरीत तरुण मुलगी, तिला बाजूला घेऊन काहीतरी सांगत होती, मध्येच तिच्या केसांवरून हात फिरवत होती. केतकीला आता त्या मुलीचाही हेवा वाटला. आपली झुकांडी आपण शिकवायची आणि डोक्यावरून हात हिने फिरवायचा. शर्वरी तिच्या शेजारी बसून जुईच्या नावाने ओरडत होती.

जुई पळाली. पहिल्या वळणावर टाळ्या पडल्या. केतकी तिच्या पायांकडे बघत होती. ती नेहमी पायांकडेच बघायची. खांबाशी वळताना डावा पाय किंचित उशिरा पडला. दमली असेल. पुढच्या वळणाला पुन्हा तेच. आणि खांबाला हात लावताना बोटं आधी हवेत गेली, मग खांबावर आली. जुईने चटकन सावरून घेतलं. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. ती वेळ संपेपर्यंत बाद झाली नाही आणि हात उंचावत बाहेर आली.

केतकीने हे आधी पाहिलं होतं. याच डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्याला आळस म्हटलं होतं.

क्षणभर तिला हलकं वाटलं. खरंच वाटलं. बरोबरी झाल्यासारखं. दुसऱ्याच क्षणी तिला खिरीची वाटी आठवली. गप्प बसता आलं असतं. तपासणी आज ना उद्या होणारच होती, आणि ती बोलली तर मितालीला पुन्हा तो शापच वाटणार होता. ती उठली. खुर्च्यांच्या रांगांतून वाट काढत मितालीपाशी गेली.

"मिताली, जुईची पट्टी कधी लावली होतीस?"

मितालीचं हसू मावळलं. "पुढच्या महिन्यात लावायचीय. का?"

"आज लाव. डावा पाय उशिरा पडतोय. बोटं खांब चुकतायत."

"ताई, ती आत्ता नाबाद आलीय! सगळं मैदान टाळ्या वाजवतंय."

"वाजवू दे."

"तुम्हाला तिचं पळणं बघवत नाही. मला माहितीय."

"नाही बघवत," केतकी म्हणाली. "म्हणूनच माझी नजर तिच्या पायांवरून हटत नाही. टाळ्या वाजवणारे तिला बघतच नाहीत, मिताली. मी बघते. मी खोटी ठरले तर मला पुन्हा दारात उभी करू नकोस. पण पट्टी लाव."

मितालीने पर्समधून पट्ट्यांची डबी काढली. जुई घामाघूम होऊन धावत आली, "मोठी आई!" म्हणत केतकीच्या कमरेला बिलगली, आणि आईने सांगितल्यावर तिने सवयीने जीभ वर केली.

रेघ जांभळी आली. गर्द.

नाशिकच्या तपासणीत लहान मेंदूच्या एका भागाला सूज दिसली. पेशी शाबूत होत्या. जुईकडच्या शिकलेल्या पेशी सगळ्यांच्या अंदाजापेक्षा लवकर विरळ झाल्या होत्या, आणि वर्गातल्या एखाद्या डब्यातला गव्हाचा घासही पुरेसा झाला असावा. सूज उतरवायचं औषध लगेच सुरू झालं. ती उतरल्यावर ओळखलस पुन्हा द्यायची होती.

"वेळेवर आलात," डॉ. तडवी म्हणाल्या. "मेंदूशी वैर अजून मुरलेलं नाही. आणखी काही महिने गेले असते तर लसही चालली नसती. कुणाच्या लक्षात आलं?"

"माझ्या जावेच्या," मिताली म्हणाली.

बाहेर आल्यावर दोघी बाकावर बसल्या. "शर्वरीला दिलं म्हणून हे झालं," मिताली म्हणाली.

"हो," केतकी म्हणाली. दोघींपैकी कुणीच ते वाक्य मऊ करायचा प्रयत्न केला नाही.

मग मिताली म्हणाली, "लस झाली की तिला दर रविवारी घेऊन येईन फैजपूरला. शिकवू नका. तिला तिच्या मॅडम आहेत. तुम्ही नुसतं बघत जा."

हिवाळ्यात लस देऊन झाली. पहिल्या रविवारी सकाळी शाळेचं मैदान मोकळं होतं. शर्वरी काठी शेजारी ठेवून साध्या खुर्चीत बसून, सरावाला आलेल्या चौकटीतल्या मुलींना खो कधी द्यायचा ते सांगत होती. जुई काही महिन्यांनंतर पहिल्यांदा पूर्ण जोराने पळाली. खांब, वळण, पुन्हा खांब. पाय नेमके पडत होते, बोटं नेमकी टेकत होती, आणि शेवटच्या वळणावर तिने ती झुकांडी दिली, केतकीची, तिच्या ऐन उमेदीतली.

मिताली मैदानाकडे बघतच नव्हती. ती केतकीच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्या चेहऱ्यावर हळूहळू हेवा चढला, जुना, उघडा, न लपवलेला. ओठ आवळले गेले, डोळे बारीक झाले.

त्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आणि मितालीला तेवढं पुरे होतं. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून जावेपुढे धरली.